सातपुड्याच्या पायथ्याशी निसर्ग राखताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपडा, यावल, रावेर आणि भुसावळ या तालुक्यांत आम्ही काही माणसं नोकरी, शेती, दुकान सांभाळून निसर्ग राखण्याचं काम करतो. शाळांमध्ये, ग्रामसभांत, आठवडे बाजारात आणि फोनवर आम्हाला पुष्कळदा तेच प्रश्न विचारले जातात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. जे समजल्याशिवाय कामाला हात घालू नये, तिथे आम्ही सविस्तर लिहिलं आहे.

तुम्ही नेमकं काय करता? झाडंच लावता ना?

झाडं लावतो, पण तो कामाचा छोटा भाग आहे. आमचा बराचसा वेळ आधीपासून असलेलं टिकवण्यात जातो. नाल्याकाठची करंज-उंबराची रांग, बांधावरचा ढोलीचा जुना मोह, गावाबाहेरचं गवताळ माळरान, हतनूर धरणाच्या फुगवट्यातली चिखलाची बेटं, सातपुड्यातून उतरणारे दगडगोट्यांचे नाले. अशा ठरलेल्या जागांवर आम्ही वर्षभर पुन्हा पुन्हा जातो. काय दिसलं, काय दिसेनासं झालं, कुठे कुऱ्हाड लागली, कुठून मुरूम उचलला गेला, हे वहीत लिहितो.

ही वही फार कामाला येते. रस्ता रुंद होणार आणि कडेचे वड जाणार, अशी कुणकुण लागली की निवेदनासोबत जोडायला झाडाचा घेर, त्याच्या ढोल्या, त्यात राहणारे पक्षी, सगळं तारखेसकट तयार असतं. नुसती हळहळ व्यक्त करून कुणी रस्त्याची आखणी बदलत नाही. मोजमाप समोर ठेवलं तर निदान बसून बोलणं होतं, आणि बोलणं झालं की कधीकधी झाड वाचतं.

वनखातं असताना तुमची गरज काय?

वनरक्षकाचं काम आम्ही करत नाही आणि करूही शकत नाही. पण खान्देशातला पुष्कळ निसर्ग वनखात्याच्या हद्दीबाहेर आहे. गायरान ग्रामपंचायतीकडे, नदीपात्र महसूलकडे, धरणाचा फुगवटा पाटबंधाऱ्यांकडे, बांध शेतकऱ्याकडे. टिटवीला आणि घोरपडीला सातबारा कळत नाही. या सगळ्या हद्दींवर सतत नजर ठेवणारं आणि एका कचेरीची गोष्ट दुसऱ्या कचेरीच्या कानावर घालणारं कुणीतरी लागतं. ते आम्ही करतो.

जंगलाच्या हद्दीतही मदत लागते. यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं, त्याचं क्षेत्र पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एका वनरक्षकाच्या वाट्याला येणारं क्षेत्र पायी फिरून बघा, म्हणजे वणव्याच्या दिवसांत चार जादा माणसांची किंमत कळेल. अभयारण्यात मात्र आम्ही परवानगी घेऊनच जातो, आणि सोबतच्या प्रत्येकाला तोच नियम.

तुमचा सगळा भर सातपुड्याच्या पायथ्यावरच का?

कारण या भागाचं पाणी तिथे मुरतं. ही गोष्ट आम्ही प्रत्येक गावात सांगतो, म्हणून इथेही नीट सांगतो.

सुकी, भोकर, मोर, गुळ, अनेर या नद्या सातपुड्यातून वेगाने खाली येतात. डोंगर संपून सपाटी लागते तिथे पाण्याचा वेग मोडतो आणि सोबत आणलेले गोटे, वाळू, खडी ते तिथेच टाकतं. असं हजारो वर्षं होत आलं. त्यामुळे डोंगराच्या पायथ्याला लागून गोट्या-वाळूचा एक जाड पट्टा तयार झाला आहे. भूगर्भाचे अभ्यासक त्याला बजाडा म्हणतात. या पट्ट्यातून पाणी भराभर खाली उतरतं आणि तापीच्या गाळाच्या जमिनीखालून दक्षिणेकडे सरकत राहतं. रावेर-यावलच्या केळीला बोअरमधून जे पाणी मिळतं, त्यातलं बरंचसं वरच्या नाल्यांत मुरलेलं असतं.

म्हणून वर जंगल तुटलं, नाल्यातले गोटे बांधकामाला उचलले गेले किंवा पात्र गाळाने आणि कचऱ्याने बुजलं, तर त्याची झळ खाली केळीच्या बागेला बसते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ती केळी ज्या पाण्यावर उभी आहे ते पाणी उपसण्याचा वेग मुरण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि बोअर शेकडो फूट खाली गेल्या आहेत. जंगल राखणं हे वरच्या पाड्यांचं काम आणि केळी पिकवणं हे खालच्या गावांचं, अशी वाटणी करून चालणार नाही असं आमचं ठाम मत आहे. बागायतदार मंडळींनी वरच्या नाल्यांच्या राखणीत उतरावं यासाठी आमचा जीव तुटतो.

रानपिंगळ्याबद्दल एवढं काय बोलता?

कारण त्याची कहाणी खान्देशाची आहे. १८७३ साली या लहानशा घुबडाचं वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. त्यानंतर थोडेच नमुने मिळाले, त्यातले काही खान्देशातून. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने दिसला नाही. मधल्या काळात त्याचा एक नमुना १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची नोंद होती, पण ती बनावट निघाली. जुनाच, संग्रहालयातून चोरलेला नमुना खोट्या चिठ्ठीसह पुढे केला गेला होता. त्या एका खोटेपणामुळे लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. अखेर पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने नमुने बारकाईने तपासले, खऱ्या जागा वेगळ्या काढल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना तो जिवंत सापडला. ११३ वर्षांनी!

नोंद खरी असावी, तारीख आणि जागा खरी असावी, यावर आम्ही नव्या सभासदांशी जे कडक वागतो त्याचं कारण ही घटना आहे.

रानपिंगळा दिवसा फिरतो, साग-सलईच्या विरळ जंगलात बसतो, सरडे, पाली, उंदीर, टोळ खातो. अंडी झाडाच्या ढोलीत घालतो. ढोल्या म्हाताऱ्या झाडांना असतात. जंगल दुरून हिरवं दिसलं तरी म्हातारी झाडं सरपणाला गेली असतील, तर त्याला घर उरत नाही. यावल अभयारण्यातही तो आहे.

आपल्या गावठाणात, कडुलिंबावर दिसणारा तो बहुधा ठिपकेदार पिंगळा असतो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, पाय पिसांनी भरलेले आणि पोट पांढरंशुभ्र.

रानपिंगळ्याचा फोटो काढायचा आहे, जागा सांगाल का?

नाही. राग मानू नका. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावलं की तो आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला असं समजून घरटं सोडून येतो. विणीच्या दिवसांत हे दिवसातून अनेकदा झालं, तर अंडी-पिल्लं उघडी पडतात. शिवाय जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे लोक अजून आहेत. म्हणून घरट्यांच्या जागा आमच्या वहीत असतात, व्हॉट्सअॅपवर नसतात.

आमच्या गावात वृक्षारोपण करायचं आहे. कोणती झाडं लावू?

आधी जागा दाखवा. पहिला प्रश्न झाडाचा नसून जागेचा आहे. जमीन मुरमाड की काळी, चराई आहे का, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, आणि मुळात तिथे झाड हवंय का, हे बघूनच आम्ही पुढे बोलतो.

हलक्या, खडकाळ, उताराच्या जमिनीसाठी आमचा पहिला कौल अंजनाला. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर हे झाड शतकानुशतकं उभं आहे. मूळ खोल जातं, लाकूड भारताच्या सर्वांत जड लाकडांपैकी एक, पाला गुरांना चालतो. सुरुवातीला मात्र ते फार हळू वाढतं. पहिली काही वर्षं वर काहीच दिसत नाही, मुळं खाली जात असतात, आणि लोकांचा धीर सुटतो. त्याच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये झडतात, तेव्हा भर उन्हात आम्ही बी वेचायला जातो. अशाच जमिनीत सलई, धावडा, खैर, पळस, बेल, टेंभुर्णी, चारोळी चालतात. नाल्याकाठी करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. काळ्या जमिनीच्या बांधावर बाभूळ, हिवर, बोर, कडुलिंब. गावठाणात वड, पिंपळ, चिंच. चिंच सोडली तर यांतलं एकही झाड परकं नाही, आणि एकालाही जन्मभर नळीने पाणी लागत नाही.

गिरिपुष्प, सुबाभूळ आणि अलीकडे शहरांत लावला जाणारा कोनोकार्पस आम्ही लावत नाही, कुणी रोपं फुकट दिली तरी नाही. लवकर हिरवं दिसतं म्हणून ही झाडं लावली जातात. त्यांच्याखाली ना धड गवत येतं, ना त्यांच्यावर आपल्याकडच्या पाखरांना पोट भरण्याजोगं काही असतं.

रोप लावणं हे एका सकाळचं काम आहे. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि वर्षाचा पाऊस जेमतेम ७०० मिलिमीटरच्या आसपास. रोपाने पहिले तीन उन्हाळे काढले तर ते आपलं. म्हणून पाणी घालणाऱ्या घरांची नावं ठरल्याशिवाय आम्ही खड्डे घेत नाही. पाच-पाच रोपं वाटून घेतलेली पन्नास घरं आम्हाला हजार रोपांच्या कार्यक्रमापेक्षा जास्त आवडतात. खड्डे मे महिन्यात घ्या, उन्हाने तापू द्या, बाभळीच्या काट्यांचं कुंपण आधी करा आणि चांगले दोन पाऊस झाल्यावर रोप लावा.

सीडबॉल (बी घातलेले मातीचे गोळे) टाकायला बोलवाल का?

मुलांना मातीत हात घालायला मिळतो म्हणून शाळेत एखाद्या वेळी करतो. जंगल उभं करण्याचा मार्ग म्हणून आमचा त्यावर भरवसा नाही. जिथे मातृवृक्ष, म्हणजे बी देणारी मोठी झाडं, शिल्लक आहेत तिथे चराई आणि आग दोन-तीन वर्षं थांबली, तर बी आपोआप रुजतं.

आमचं माळरान ओसाड पडलंय, तिथे तरी झाडं लावा.

ही विनंती सर्वांत जास्त येते, आणि तिथेच आम्हाला नकार द्यावा लागतो. माळरान ओसाड नसतं. पाऊस पडला की त्यावर पवन्या, मारवेल, कुसळी उगवते. चंडोल, माळटिटवी, तित्तिर जमिनीवरच घरटी करतात. ससे, घोरपडी, खोकड, कुठे कुठे लांडगा आणि चिंकारा याच जागांवर जगतात. धनगर-ठेलारींच्या मेंढ्यांना चारा तिथलाच. गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि पाणी मुरवतात.

अशा ठिकाणी जेसीबीने चर आणि खड्डे खणून रोपं लावली की गवत जातं आणि रोपंही बहुतेक मरतात. दोन्हीकडून नुकसान. माळरानासाठी खरोखर काही करायचं असेल तर ते सोपं आहे : पावसाळ्यात बी पडेपर्यंत एक भाग चराईला बंद ठेवा, दसऱ्यानंतर गवत कापून न्या, आग लावू नका, वेडी बाभूळ आणि घाणेरी मुळासकट काढा, आणि मुरूम उचलू देऊ नका. धुळ्याजवळच्या लळिंग कुरणासारखी जुनी कुरणं अशाच राखणीवर टिकली होती. ग्रामसभेने ठराव केला तर आम्ही आखणीला येतो.

पक्षी मोजायला यायचं असेल तर पक्ष्यांचं ज्ञान लागतं का?

नाही लागत. डोळे, धीर आणि गप्प बसण्याची तयारी लागते. पहिल्या वेळी तुम्ही फक्त लिहून घ्या, ओळखायचं काम सोबतचे करतील.

हिवाळ्यात हतनूरच्या फुगवट्यावर यावं. तापी आणि पूर्णा चांगदेवजवळ मिळतात, त्यांनी आणलेल्या गाळाने धरणाचा बराच भाग उथळ झाला आहे. पाणीसाठ्याच्या दृष्टीने ही मोठी चिंतेची बाब आहे, पण त्या उथळ पाण्यातल्या पाणवनस्पती आणि किड्यांवर हजारो पाहुणे पोट भरतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, मोठी लालसरी, वारकऱ्यांचे थवे; नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यासाठी आम्ही इथे आणि जळगावच्या मेहरूण तलावासारख्या जागी मोजणी करतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. त्या आठवड्यात शाळांना घेऊन जातो.

उन्हाळ्यातली मोजणी कष्टाची, पण आमच्या मते जास्त मोलाची. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या वाळूवर आणि बेटांवर नदी सुरय, आर्ली आणि टिटव्या अंडी घालतात. अंडी वाळूच्या रंगाची असतात. ट्रॅक्टर, मोटारसायकली, कलिंगड-काकडीच्या वाड्यांवरची कुत्री, सगळ्यांचा धोका. वाडीवाल्या कुटुंबांशी बोलून घरट्यांभोवतीची जागा मोकळी ठेवायला सांगितलं की ते मनापासून ऐकतात, हा आमचा अनुभव आहे. बऱ्याच वेळा अंडी कुठे आहेत हे तेच आम्हाला दाखवतात.

साप निघाला तर कुणाला बोलवायचं?

वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन लावा किंवा तालुक्यातल्या ओळखपत्र असलेल्या सर्पमित्राला. «भाऊ, घरमा साप निंघना» असा फोन आला की आम्ही आधी तीन गोष्टी सांगतो : लहान मुलांना बाजूला घ्या, सापाकडे लांबून लक्ष ठेवा, काठी हातात घेऊ नका. साप धरताना सेल्फी, खेळ, गळ्यात घालणं हे प्रकार करणाऱ्याला आम्ही सोबत घेत नाही. कितीही हात बसलेला असो.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी. धामण, तस्कर, दिवड, कवड्या बिनविषारी. पण कवड्या आणि मण्यार यांच्यात भल्याभल्यांची गफलत होते, तेव्हा अंदाजाने हात घालू नका.

चावलाच तर धावू नका, तो हात किंवा पाय हलवू नका, अंगठी-कडं काढून ठेवा आणि मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा. तिथे प्रतिविष मिळतं. घट्ट दोरी बांधणं, जखमेवर चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, मांत्रिकाकडे नेणं, यांत वेळ आणि जीव दोन्ही जातात. मण्यारीचा दंश झोपेत होतो आणि खूणही नीट दिसत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं. एवढ्या साध्या गोष्टीने माणसं वाचतात.

केळीच्या बागेत वाघ किंवा बिबट्या असल्याचं ऐकलं. खरं असतं का?

कधी खरं, कधी जुना व्हिडिओ फिरत असतो. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा परिसरात वाघांचा वावर आहे, आणि तिथलं क्षेत्र मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेलं आहे. मेळघाटाकडून अंबाबरवा, मुक्ताई-भवानी, यावल, अनेर अशी सातपुड्याची एक वाट आहे, तिच्यावरून जनावरं ये-जा करतात. केळीची बाग दाट, गार आणि ओली. रानडुकरंही तिथे असतात. वाघाला ती जंगलापेक्षा वेगळी वाटण्याचं कारण नाही.

ठसा दिसला तर त्यावर टोपली किंवा घमेलं पालथं घाला, वनखात्याला कळवा आणि व्हिडिओ पुढे ढकलू नका. गर्दी जमली की घाबरलेलं जनावर हल्ला करतं. रात्री पाणी द्यायला एकट्याने जाऊ नका, बॅटरी आणि काठी ठेवा, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा. गुरू-ढोरू मारलं गेलं असेल तर ते हलवू नका, ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा आणि पंचनामा करून घ्या. भरपाई मिळते. कागद भरायला अडचण असेल तर आमच्यातलं कुणीतरी सोबत येईल. हे काम आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याची गाय गेली त्याला भरपाई वेळेत मिळाली तर त्याच्या मनात विष कालवण्याचा विचार येत नाही.

वाळू उपसा किंवा शिकार दिसली तर?

अडवायला जाऊ नका. जागा, वेळ, वाहनाचा प्रकार लिहून ठेवा. सुरक्षित अंतरावरून जमलं तरच फोटो. वाळूसाठी तहसील कार्यालय, शिकार आणि तोडीसाठी वनखातं. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. गावातल्या गावात एकट्याचं नाव पुढे येऊ नये म्हणून शक्यतो ग्रामसभेचा ठराव करून अर्ज द्यावा. आमच्या मुलांनीही रात्री नदीवर जाऊन कुणाशी दोन हात करू नयेत, हा पक्का नियम आहे. गिरणा-तापीच्या काठी राहणाऱ्या कुणालाही याचं कारण सांगायला नको.

घरी पोपट, कासव पाळलं तर चालतं?

नाही. आपल्याकडचे पोपट आणि चांदणी कासव पाळणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. घरात असेल तर सोडून देऊ नका, वनखात्याशी बोला. पिंजऱ्यात वाढलेलं पाखरू बाहेर सहसा टिकत नाही.

लाकूड तोडणाऱ्या, आग लावणाऱ्या आदिवासींना आधी आवरा, असं नाही वाटत?

असं वाटत नाही. हा प्रश्न आम्हाला शहरातल्या सभांमध्ये येतो, आणि त्याला आम्ही प्रत्येक वेळी थांबून उत्तर देतो.

सातपुड्यात पावरा, भिल्ल, तडवी, बारेला समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. मोहाची फुलं, चारोळी, तेंदूपाने, डिंक यांवर त्यांचं घर चालतं. जंगल संपलं तर सर्वांत आधी चूल त्यांची विझते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क दिले आहेत, आणि हक्कासोबत जंगल राखण्याचा अधिकारही दिला आहे. तो वापरला तर काय होतं हे बघायचं असेल तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या. उजाड झालेलं चारशे हेक्टरच्या आसपासचं जंगल गावाने स्वतः नियम करून उभं केलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, राखणदार, दंड, सगळं गावाचंच. तिथली रानभाज्यांची पाककला स्पर्धा २००४ पासून चालू आहे. या कामाचे अध्वर्यू चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. बाहेरून जाऊन कुणी त्यांना जंगल शिकवलं नाही.

आगीचं म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालची फुलं सापडावीत म्हणून पाला जाळतात, आणि तो विस्तव कधी पसरतो. दरडावून ते थांबत नाही. झाडाखालची जागा खराट्याने झाडून घेणं किंवा जुन्या साड्या-जाळ्या अंथरणं, हा उपाय जिथे पाड्यातल्या बायकांनी उचलला तिथे फुलंही स्वच्छ मिळाली आणि आगही कमी लागली. त्या दिवसांत आम्ही साड्या गोळा करतो. तुमच्या घरी जुन्या सुती साड्या असतील तर ठेवून द्या.

मी शेतकरी आहे. मला वेळ नाही. काय करू शकतो?

तुम्ही सर्वांत जास्त करू शकता. बांध पेटवू नका. बांधावरचं ढोलीचं झाड ठेवा, वाळलेलं असलं तरी. उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकल्या की मेलेला उंदीर खाऊन गव्हाणी घुबड मरतं, आणि घुबडांची एक जोडी पिल्लं वाढवताना पुष्कळ उंदीर मारते. घुबडांना रात्री बसायला शेतात टी आकाराचे लाकडी थांबे लावा.

केळीवाल्यांना हात जोडून एक मागणं : घडाच्या स्कर्टिंग बॅग (घड झाकायच्या पिशव्या) आणि फाटक्या ठिबकच्या नळ्या नाल्यात टाकू नका, पेटवूही नका. पहिल्या पुरात त्या पुढच्या बंधाऱ्याला जाऊन अडकतात आणि पाणी मुरायची जागा बुजते. काढणीनंतरचे केळीचे खांबही नाल्यात लोटण्यापेक्षा बागेतच कुजवले तर जमिनीला पोटॅश परत मिळतं. शिवारात एखादी विहीर-बोअर कोरडी पडली असेल तर वाहून जाणारं पावसाचं पाणी गाळून तिच्यात सोडता येतं. त्याची माहिती आमच्याकडे आहे.

असे गट दोन वर्षांत बंद पडतात. तुम्ही कसे टिकणार?

पांझरेच्या काठची फड पद्धत तीनशेहून जास्त वर्षं टिकली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि पूर्ण फडात एकच पीक. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागले, पाट साफ करायला सगळ्यांनी उतरायचं. ठेकेदार नव्हता, साहेबही नव्हता. तिथे प्रत्येकाला आपलं नेमकं काम माहीत होतं आणि चुकलं तर गावासमोर जाब द्यावा लागायचा. आम्ही तेवढंच उचललं आहे. प्रत्येकाला एक जागा किंवा एक काम वाटून दिलेलं असतं : कुणाकडे एक नाला, कुणाकडे एक वड, कुणाकडे फक्त वह्या उतरवून संगणकावर भरणं. ज्याला जमणार नाही त्याने आधी सांगायचं, दुसरा घेतो.

पैसे कुठून येतात?

सभासदांची वर्गणी आणि ओळखीच्यांची मदत. हिशोब वार्षिक सभेत वाचला जातो, कुणीही बघू शकतं. रोपं, कुंपण, दुर्बिणी यांवर खर्च होतो. प्रवास ज्याचा त्याने.

मुली आणि बायका येतात का? लहान मुलांना आणलं तर?

येतात, आणि आमच्या सर्वांत नेमक्या नोंदी त्यांच्याच वह्यांत आहेत. महिलांच्या नावनोंदणीसाठी आणि अडचणींसाठी गटातली एक ताई नेमलेली असते. दहा वर्षांखालची मुलं आई-वडिलांपैकी कुणीतरी सोबत असेल तर हतनूर किंवा मेहरूणच्या मोजणीला चालतात. डोंगरातल्या चालीला नको.

पहिल्यांदा यायचं तर काय तयारी करू?

मातकट किंवा हिरव्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पाय झाकणारे बूट, टोपी, दोन लिटर पाणी, वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई उतरते. भाकरी-ठेचा, कळण्याची भाकरी, काहीही चालेल, पण डबा आणा आणि प्लास्टिकची पिशवी आणू नका. अत्तर, स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवा. दुर्बीण नसेल तर काळजी नको, गटाच्या आहेत. मधुमेह, दमा, मधमाशीची अॅलर्जी असं काही असेल तर निघण्यापूर्वी सांगा. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला निघतो आणि दहाच्या आत सावलीत येतो, हिवाळ्यात सातला. बेत रद्द झाला तर आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलं जातं.